प्रा. किंग यांनी पूर्वेकडून काय नेले?

अमेरिकेतील मृदाशास्त्रज्ञ प्रा. फ्रँकलिन हायरम किंग हे १९०९ साली चीन, कोरिया व जपान या देशांच्या अभ्यासदौऱ्यावर गेले. विस्कॉन्सिन विद्यापीठात कृषिभौतिकीचे अध्यापन आणि पुढे तेथील केंद्रीय कृषिखात्यात जमिनीविषयीचे संशोधन केलेले हे गृहस्थ शिकविण्यासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी गेले होते. अमेरिकेत नवी जमीन नांगराखाली आणून काही पिढ्याच लोटल्या होत्या, तोच ठिकठिकाणी तिचा कस उतरू लागला होता. मग हजारो वर्षे कसलेली पूर्वेकडील जमीन अद्याप एवढ्या माणसांचे पोट कशी भरते, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

अडीच एकरांचा संसार

चीनच्या शांतुंग प्रांतात त्यांना एक शेतकरी भेटला. त्याच्या अडीच एकर जमिनीवर बारा माणसांचे कुटुंब, एक गाढव, एक गाय व दोन डुकरे पोसली जात होती. चीनमध्ये अन्यत्र शेतकरी कालव्यांतील गाळ उपसून तो कापलेल्या हिरवळीच्या पिकाबरोबर थरांनी रचीत आणि वीस ते तीस दिवस कुजवून शेतात घालीत. भाताची रोपे लहानशा जागेत वाढवून एका एकरातील रोपांनी दहा एकर लावणी करीत. त्यामुळे उरलेल्या जमिनीत आधीचे पीक पुरते पिकण्यास अवधी मिळे. शांघाय शहरातील परकीयांच्या वसाहतीने १९०८ साली ७८,००० टन मैला उचलण्याचा मक्ता एका चिनी कंत्राटदारास ३१,००० डॉलरांहून अधिक रकमेस विकला होता. जी वस्तू अमेरिकेतील शहरे पैसे खर्चून नदी-समुद्रात लोटीत होती, तिला येथे मोल होते.

परतीपूर्वीचा मुक्काम

मायदेशी परतण्यापूर्वी प्रा. किंग पुन्हा जपानात आले. नारा येथील प्रयोगक्षेत्रावर त्यांनी अडीच एकर शेतीसाठी बांधलेले खतघर बारकाईने पाहिले. बारा फूट रुंद व अठरा फूट लांब अशी त्याची जमीन माती, चुना व वाळू यांनी पाणी न झिरपेल अशी केलेली होती. भिंती मातीच्या व छप्पर गवताचे होते. काडीकचऱ्याचा एक फूट थर दाबून त्यावर सुमारे सव्वा इंच माती पसरीत व पाच फूट उंचीपर्यंत ढीग रचीत. तो सतत ओला ठेवीत. उन्हाळ्यात पाच व हिवाळ्यात सात आठवड्यांनी तो उलथून दुसऱ्या बाजूस रचीत. जपानी शेतकऱ्यांनी १९०८ साली असे दोन कोटी वीस लाख टनांहून अधिक खत शेतांना दिल्याची नोंद त्यांनी केली आहे.

अपुरा अध्याय

दौऱ्याच्या वृत्तान्ताच्या शेवटी चीन व जपान यांचा जगाला संदेश सांगणारा अध्याय लिहिण्याचा त्यांचा मानस होता. परंतु तो लिहून होण्यापूर्वीच १९११ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीने ‘फार्मर्स ऑफ फॉर्टी सेंचुरीज’ हा ग्रंथ त्या अध्यायाविना प्रसिद्ध केला. तरीही संदेश वाया गेला नाही. इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत सिद्ध करून १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली, तिच्यामागे या ग्रंथाचीही प्रेरणा होती.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. कच्चा मैला शेतात घातल्याने जंत व रोग पसरतात, आणि हाताने मैला उचलण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. दोन खड्ड्यांच्या संडासातील भरलेला खड्डा वर्ष-दीड वर्ष बंद ठेवून पूर्ण कुजलेले कोरडे खतच वापरावे.

ग्रामसेवक व शेतकरी अभ्याससहलीस जातात, तेव्हा यंत्रे व भरघोस पिके पाहून हरखून येतात. ती जरूर पाहावीत. पण त्या गावातील शेण, पालापाचोळा व गाळ कोठे जातो, हेही विचारावे. आणि परतल्यावर तोच प्रश्न आपल्या गावास विचारावा. उकिरडा जेथे उघड्यावर वाळतो व पावसात वाहून जातो, तेथे जमिनीचा कस वाहून जात असतो. त्याला खड्डा आणि वर सावली मिळाली, की प्रा. किंग यांचा अपुरा अध्याय शेतातच लिहिला जाईल.