धावत्या रेतीचे फोटो

मी काशीमीऱ्यात विज्ञान शिकवते. पावसाळ्यात शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरून तांबूस पाणी खाली येऊ लागलं की मुलं विचारतात, "बाई, ही माती जाते कुठे?" वसईच्या खाडीत. उल्हास नदीही आपला गाळ तिथेच आणते. भरती तो आत ढकलते, ओहोटी बाहेर ओढते. पण तळाशी काय चाललंय ते काठावरून दिसत नाही.

ते आम्ही काचेच्या अरुंद टाकीत बघतो. तळाला चाळलेली रेती, मागे मोजपट्टी, समोर स्लो मोशनवर लावलेला मोबाइल, सेकंदाला 240 फ्रेम. पाणी हळू सोडलं तर रेती ढिम्म हलत नाही. नळ जरा वाढवला की एखादा दाणा डुगडुगतो, शेजारच्यावरून घरंगळतो, मग उडी मारतो आणि पडताना दुसऱ्याला उडवतो. बारीक माती मात्र वरच्यावर वाहून जाते. 12 फ्रेममध्ये दाणा 1 सेंटिमीटर सरकला, तर त्याचा वेग सेकंदाला 20 सेंटिमीटर. दाणा कधी हलू लागतो, याचं गणित आल्बर्ट शील्ड्स यांनी 1936 मध्ये बर्लिनमध्ये मांडलं. अभियंते ते आजही वापरतात.

मोठ्या प्रयोगशाळांत पाण्यात सूक्ष्म कण सोडतात, लेसरच्या पातळ झोतात ते उजळतात. निमिषभराच्या अंतराने दोन फोटो घेतले की कण कुठून कुठे गेले हे संगणक जुळवतो आणि प्रवाहाचा नकाशा तयार होतो. खाडीच्या गढूळ पाण्यात प्रकाश शिरत नाही. तिथे पुलावरून किंवा ड्रोनमधून तरंगता फेस, पालापाचोळा टिपून वरच्या पाण्याचा वेग काढता येतो. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या 10 मीटर तपशिलाच्या चित्रांत गढूळ पाण्याचे पट्टे दिसतात. तळाच्या रेतीसाठी मात्र नमुनेच घ्यावे लागतात.

या मोजणीला फार महत्त्व आहे. खाडीतून सक्शन पंपाने रेती उपसली की तळाला खड्डा पडतो, तो भरायला आजूबाजूची रेती सरकते आणि काठ ढासळू शकतो. म्हणून उपसा किती करायचा हे मागणीवर नव्हे, पाणी दरवर्षी किती रेती आणून टाकतं यावर ठरलं पाहिजे.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी एवढं करावं: दर महिन्याला ओहोटीच्या वेळी, एकाच जागेवरून काठाचा फोटो काढावा आणि तारीख-वेळ लिहून ठेवावी. काठ किती सरकला, हे सांगायला पुढे तोच पुरावा कामी येईल.