गोळ्यांची केमो आणि रुग्णाचे समाधान (भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण डे केअरमध्ये सलाईनवाटे दिली जाणारी केमो पाहिली. तिथे शेजारी नर्स असते आणि काही बिघडले तर डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात. गोळ्यांच्या केमोत तसे काही नसते. रुग्ण ओपीडीत येतो, डॉक्टर रिपोर्ट पाहून फाईलवर औषध लिहितात, खिडकीवरून स्ट्रिपा मिळतात आणि तीन आठवड्यांचा उपचार पिशवीतून घरी जातो. पुढचा सगळा कारभार रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती. त्यामुळे खिडकीपलीकडचा फार्मासिस्ट काय सांगतो आणि किती निवांतपणे सांगतो, याला फार महत्त्व येते.

कॅपेसिटाबाईनचेच पाहा. मोठ्या आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगात ही गोळी पुष्कळ वापरतात. नेहमीची पद्धत अशी: दिवसातून दोनदा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. ऐकायला सोपे आहे. पण एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या तीन-तीन, चार-चार गोळ्या घ्यायच्या असतात. ‘तीन गोळ्या दोनदा’ हे ‘दिवसाला तीन’ असे ऐकले गेले की डोस निम्मा होतो. सुट्टीचा आठवडा विसरून गोळ्या चालूच ठेवल्या, तर विषारी परिणाम वाढतात. तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटू लागले, किंवा रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त शौचाला जावे लागले, तर ताबडतोब रुग्णालयात कळवायचे आणि गोळी थांबवायची का ते विचारायचे. पुष्कळ जण कळवत नाहीत, सोसत राहतात. ‘केमो म्हटली की त्रास होणारच’ ही समजूत घरोघरी इतकी पक्की आहे, की ती मोडायला कुणीतरी समोर बसून बोलावेच लागते. शिवाय रुग्ण आधीपासून वॉरफरिन घेत असेल, तर या गोळीमुळे रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. जुन्या औषधांची यादी विचारल्याशिवाय हे कळणार कसे?

प्रत्येक गोळीचा नियमही निराळा. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. प्रोस्टेटच्या कर्करोगातली अबिराटेरॉनची नेहमीची गोळी मात्र उपाशीपोटी; भरपूर तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतली तर रक्तातले तिचे प्रमाण सुमारे दहापट होऊ शकते. काढे आणि चूर्णे यांचीही चौकशी हवी. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. डॉक्टर रागावतील म्हणून रुग्ण काढ्याची गोष्ट तिथे लपवतो; फार्मासिस्टने मायेने विचारले तर सांगून टाकतो.

ब्रिटनमध्ये २००६ पासून प्रशिक्षित फार्मासिस्टना स्वतः औषध लिहिण्याचा अधिकार आहे. तिथल्या अनेक कर्करोग विभागांत रुग्ण पुढच्या सायकलआधी फार्मासिस्टलाच भेटतो. तो रक्ताचे रिपोर्ट पाहतो, त्रास विचारतो आणि ठरलेल्या चौकटीत औषध लिहून देतो. अशा सेवांबद्दल रुग्णांना विचारले की समाधानाचे गुण बहुधा चढेच येतात.

या गुणांवर मी लगेच विसंबणार नाही. कर्करोगाचा रुग्ण आधीच उपकाराच्या ओझ्याखाली असतो. तक्रार केली तर पुढच्या वेळी नीट बघतील का, ही धास्ती त्याच्या मनात असते. खिडकीपाशी, मागे रांग उभी असताना हातात फॉर्म दिला, तर तो ‘उत्तम’वरच खूण करणार. फार्मासिस्ट गोड बोलतो का, हे विचारायला हवेच. आजारी माणसाशी आदराने बोलणे ही छोटी गोष्ट नव्हे. पण त्यासोबत हेही विचारावे: गोळी चुकली तर काय करायचे ते तुम्हाला माहीत आहे का? रात्री ताप आला तर कुणाला फोन कराल? या आठवड्यात गोळ्या आहेत की सुट्टी? ही उत्तरे बरोबर येत नसतील, तर समाधानाचे गुण कितीही असोत, सेवा अपुरी आहे. चांगला फार्मासिस्ट म्हणूनच ‘कळलं ना?’ एवढे विचारून थांबत नाही. ‘घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, ते मला सांगा बरं,’ असे म्हणतो आणि ऐकून घेतो.

असे समजावून सांगायला आपल्याकडे कायद्याची अडचण नाही. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ मध्ये रुग्णाचे समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम म्हणून नमूद आहे. फार्म.डी. हा सहा वर्षांचा, रुग्णसेवेवर भर देणारा अभ्यासक्रम देशात २००८ पासून आहे. शिकलेली माणसे आहेत. त्यांना बसायला खोली आणि बोलायला वेळ दिला जात नाही. गजबजलेल्या ओपीडीत गावाकडून आलेल्या माणसाला काचेच्या भोकातून दोन वाक्ये ऐकू येतात, तीही अर्धी इंग्रजी. जुलाबाबद्दल, लघवीबद्दल, शरीरसंबंधांबद्दल रांगेत कोण बोलेल? गोळ्यांच्या केमोच्या प्रत्येक नव्या रुग्णाला फार्मासिस्टची स्वतंत्र भेट आणि मराठीत लिहिलेले गोळ्यांचे वेळापत्रक मिळायलाच हवे. तो उपचाराचाच भाग आहे.

तोवर तुमच्या घरी कुणाची अशी केमो सुरू असेल, तर स्ट्रिपा घेऊन लगेच निघू नका. चालू असलेली सगळी औषधे, काढ्यांसकट, सोबत न्या. पहिली गोळी कोणत्या तारखेला, सुट्टी कधीपासून, जेवणाआधी की नंतर, आणि त्रास झाला तर फोन कोणत्या नंबरवर, हे फाईलवर लिहून मागा. मागची रांग थोडी थांबेल.

(पुढच्या आठवड्यात : केमोतला ताप आणि कमी झालेले काउंट)