स्तनभाराची शस्त्रक्रिया आणि आरोग्यविमा

शरीर सुडौल दिसावें म्हणून केलेली शस्त्रक्रिया निराळी आणि शरीराची व्यथा दूर व्हावी म्हणून केलेली निराळी, हा भेद विम्याच्या व्यवहारांत रूढ आहे. पहिलीचा खर्च ज्याचा त्यानें सोसावा, दुसरीचा कंपनीनें द्यावा, असा सामान्य नियम. परंतु एकच शस्त्रक्रिया दोन्ही सदरांत बसत असेल तर निवाडा कसा करावयाचा? अतिभारी स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयीं अमेरिकेंत हाच वाद चालत आला आहे.

स्तनांचा भार बेताबाहेर वाढला म्हणजे मान, खांदे व पाठ सतत दुखतात. अंतर्वस्त्राचे पट्टे खांद्यांत रुततात. स्तनांखालीं घाम सांचून कातडीवर वारंवार पुरळ उठतें. ह्या पीडेविषयीं पुष्कळ स्त्रिया घरांतही मोकळेपणानें बोलत नाहींत. आणि बोलल्याच, तर ती नटण्याची हौस समजली जाते. कंपनीचा पहिला संशयही बहुधा हाच असतो.

१९९१ सालीं पॉल श्नुर ह्या शल्यविशारदानें इतर शल्यविशारदांच्या अनुभवावरून एक कोष्टक प्रसिद्ध केलें. उंची व वजन ह्यांवरून देहाच्या पृष्ठभागाचें क्षेत्रफळ काढावयाचें आणि त्या मानानें प्रत्येक बाजूनें निदान किती ग्रॅम भार काढला जाईल तें पाहावयाचें. क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर असेल तर ३१० ग्रॅम, १.८ असेल तर ४४१. अनेक कंपन्यांनीं हेंच कोष्टक प्रमाण मानलें. कांहींनीं सरसकट ५०० ग्रॅमांची मर्यादा घातली. परंतु वेदना ग्रॅमांत मोजतां येत नाहीं. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, मिळणारा आराम काढलेल्या वजनावर अवलंबून नसतो, आणि इतर उपायांनीं कायमचा गुण येत नाहीं. तरीही वजनाची अट पुष्कळ ठिकाणीं टिकून आहे.

म्हणून जिला हा खर्च मिळवावयाचा असेल तिनें प्रथम आपलें विमापत्र वाचावें. ही शस्त्रक्रिया त्यांत स्पष्टपणें वगळलेली असेल, तर मार्ग बिकट आहे. नसेल, तर शस्त्रक्रियेपूर्वींच मंजुरी मागावी. दुखण्याविषयीं डॉक्टरांच्या तारीखवार नोंदी, व्यायामोपचार व त्वचेचे उपचार ह्यांचीं कागदपत्रें, छायाचित्रें आणि शल्यविशारदाचा वजनाचा अंदाज, एवढें अर्जासोबत असावें.

नकार आल्यास त्याचें कारण लेखी घ्यावें. २०१० च्या कायद्यानुसार बहुतेक खासगी योजनांत १८० दिवसांच्या आंत कंपनीकडेच अपील करतां येतें. तेथेंही नकार मिळाला, आणि वाद वैद्यकीय आवश्यकतेचा असला, तर चार महिन्यांच्या आंत स्वतंत्र परीक्षकाकडे जातां येतें. त्याचा निर्णय कंपनीस बंधनकारक असतो. कर्करोगामुळें एक स्तन काढावा लागलेल्या स्त्रीची गोष्ट वेगळी. ज्या योजनेंत स्तन काढण्याचा खर्च मिळतो, तिनें दुसरा स्तन त्याच्याशीं जुळता करण्याचाही खर्च द्यावा, असें १९९८ चा कायदा सांगतो.

भारतांत विमा नियामकानें ठरविलेल्या नमुना-कलमांत सौंदर्यासाठींची शस्त्रक्रिया वगळली आहे. परंतु अपघात, भाजणें किंवा कर्करोग ह्यांनंतरची पुनर्रचना, आणि प्रत्यक्ष व तात्काळ आरोग्यधोका टाळण्यासाठीं आवश्यक असे उपचार, ह्यांना अपवाद आहे. त्या आवश्यकतेचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरानें द्यावा लागतो. तेव्हां दोन्ही देशांत मुख्य आधार एकच: दुखणें संकोचानें लपवून न ठेवतां पहिल्यापासून वैद्याच्या कागदावर उतरवून घेणें.