मधल्या फळीचे दोन राखणदार

फुटबॉलच्या सामन्यात टाळ्या कोणाला मिळतात? गोल करणाऱ्याला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र कोणाचे येते? त्याचेच. चेंडू अडवणाऱ्या गोलरक्षकाचेही कौतुक होते. पण या दोघांच्या मधे काही खेळाडू असे असतात, की त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मात्र त्यांचे काम बिघडले, तर सारा संघ अडचणीत येतो. अशाच दोन खेळाडूंच्या जोडीची आज आपण ओळख करून घेऊ.

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. सर्वांत मागे गोलरक्षक. त्याच्या पुढे बचाव फळी. सर्वांत पुढे आघाडीची फळी. या दोन फळ्यांच्या मधे असते ती मधली फळी. मधल्या फळीतील काही खेळाडू चढाईला मदत करतात. काही खेळाडू बचाव फळीच्या पुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवतात. अशा अडवणाऱ्या खेळाडूला बचावात्मक मध्यरक्षक म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला 'राखणदार' म्हणू.

काही संघ एकच राखणदार ठेवतात, तर काही संघ दोन. दोन राखणदार असलेल्या संघाची मांडणी पुष्कळदा ४-२-३-१ अशी असते. म्हणजे बचाव फळीत चार, त्यांच्यापुढे दोन राखणदार, मग तीन आणि सर्वांत पुढे एक. गोलरक्षकाला या आकड्यांत धरत नाहीत.

दोन राखणदार कशासाठी? मोठ्या सामन्यांचे मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. एकटा राखणदार चेंडूमागे उजवीकडे धावला, की मधली जागा मोकळी पडते. ही जागा फार मोलाची असते, कारण तिच्यासमोरच गोल असतो. प्रतिस्पर्धी तेथे चेंडू घेऊन पोहोचला, की बचाव फळी गोंधळते. राखणदार दोन असले, तर एक जण धावतो आणि दुसरा जागा राखतो.

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीच्या शिवाराचे उदाहरण घेऊ. ज्वारीची कणसे भरली, की पाखरांचे थवे उतरतात. राखणीला एकच माणूस असेल, तर तो एका बांधाकडे धावतो आणि पाखरे दुसऱ्या बांधाकडे बसतात. दोघे असतील आणि दोघेही एकाच थव्यामागे धावले, तरी नुकसान तेच! म्हणून एकाने धावायचे, दुसऱ्याने शेताच्या मध्यावर थांबायचे. फुटबॉलमधील जोडीचा पहिला नियमही हाच आहे : एक गेला, की दुसऱ्याने थांबावे.

दुसरा नियम अंतराचा. कबड्डीत बचाव करणारे खेळाडू हात धरून साखळी करतात, हे तुम्हांला माहीत आहे. फुटबॉलमध्ये हात धरता येत नाही, पण साखळी मनात असावी लागते. दोघे फार लांब गेले, तर त्यांच्या मधून चेंडू निघून जातो. दोघे फार जवळ आले, तर दोघे मिळून एकाचीच जागा राखतात. दोघे अगदी एका रेषेत उभे राहिले, तर एकाच पासने दोघेही मागे पडतात. म्हणून एक जण थोडा पुढे आणि दुसरा थोडा मागे असतो. यासाठी दोघांना सतत एकमेकांकडे पाहावे लागते, हाक द्यावी लागते.

तिसरा नियम चेंडू मिळाल्यानंतरचा. चेंडू हिसकावून घेतला, की काम संपत नाही. तो आपल्या खेळाडूकडे नीट पोहोचवावा लागतो. त्यामुळे जोडीतील दोघेही फक्त अडवणारे असून चालत नाही. एक अडवण्यात तरबेज आणि दुसरा पास देण्यात कुशल असेल, तर ती जोडी चांगली जमते.

अशी जोडी मुंबईच्या संघात होऊन गेली. मुंबई सिटी हा संघ इंडियन सुपर लीग या स्पर्धेत खेळतो. २०२०-२१ साली त्याचे प्रशिक्षक स्पेनचे सर्जिओ लोबेरा होते. त्यांच्या मधल्या फळीत मोरोक्कोचा अहमद जाहू आणि गोव्याचा रोवलिन बोर्जेस हे दोन राखणदार खेळत. जाहू मागे राहून लांबचे, अचूक पास देई. रोवलिन धावून प्रतिस्पर्ध्याला गाठी आणि चेंडू मिळवी. एक मोरोक्कोचा, एक गोव्याचा; पण मैदानावर दोघांना एकमेकांची चाल ओळखावी लागे.

त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे सर्व सामने गोव्यातच, प्रेक्षकांविना झाले. पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध जाहूला धोकादायक अडवणुकीबद्दल लाल कार्ड मिळाले. मध्यंतरही झाले नव्हते. मुंबईला उरलेला सामना दहा जणांनिशी खेळावा लागला आणि तो ०-१ असा हरला. राखणदाराला चेंडूसाठी रोज झगडावे लागते, पण जोश नियमाबाहेर गेला, की जोडी तुटते आणि शिक्षा सगळ्या संघाला होते.

पुढे मात्र संघ सावरला. साखळीतील २० सामन्यांत मुंबईचे ४० गुण झाले. एटीके मोहन बागानचेही ४० गुण होते. पण आपसांतील दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते, म्हणून पहिला क्रमांक मुंबईला मिळाला. १३ मार्च २०२१ रोजी अंतिम सामन्यातही मुंबईने त्याच संघाला २-१ असे हरवले. एकाच वर्षी साखळीत पहिला क्रमांक आणि करंडक दोन्ही मिळवणारा हा त्या स्पर्धेतील पहिला संघ ठरला.

दोन राखणदार ठेवले, की पुढे एक खेळाडू कमी होतो आणि संघ भित्रा होतो, असे काही जण म्हणतात. पण मुंबईने साखळीत ३५ गोल केले होते. हे कसे घडले? मागे दोघे भरवशाचे असले, की कडेचे बचावपटूही निर्धास्तपणे पुढे जातात आणि चढाईला बळ मिळते.

१९९४ च्या विश्वचषकात ब्राझीलने डुंगा आणि मौरो सिल्वा ही जोडी खेळवली. हा खेळ रुक्ष आहे, अशी टीका त्यांच्याच देशात झाली. पण सात सामन्यांत ब्राझीलवर फक्त तीन गोल झाले आणि विश्वचषक त्यांनीच जिंकला. २०१० साली स्पेनची जोडी होती बुस्केट्स आणि झाबी अलोन्सो. स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून हरला, तेव्हा दोन राखणदार कशाला, असे लोक विचारू लागले. प्रशिक्षक देल बोस्के यांनी जोडी मोडली नाही. शेवटचे चारही सामने १-० असे जिंकून स्पेन विश्वविजेता झाला.

तरी ही मांडणी प्रत्येक वेळी उपयोगी पडतेच असे नाही. समोरचा संघ चढाईच करत नसेल, तर दोन राखणदार नुसतेच उभे राहतात. अशा वेळी प्रशिक्षक एकाला पुढे पाठवतो. मांडणी संघासाठी असते, संघ मांडणीसाठी नसतो.

यापुढे फुटबॉलचा सामना पाहाल, तेव्हा दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता या दोघांकडे पाहा. कोण गेला, कोण थांबला, कोणी कोणाची जागा भरून काढली, हे पाहा. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते. पण तो निश्चिंतपणे पुढे जाऊ शकतो, कारण मागे कोणीतरी आपली जागा सोडत नाही.

शब्दार्थ

राखणदार – राखण करणारा, पहारेकरी
प्रतिस्पर्धी – समोरच्या संघाचा खेळाडू
शिवार – गावाभोवतालची शेतजमीन
तरबेज – निपुण, कुशल
निर्धास्त – भीती नसलेला
रुक्ष – कोरडा, रस नसलेला

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मधली फळी कोणत्या दोन फळ्यांच्या मधे असते?
(आ) जाहू आणि रोवलिन यांच्या खेळात कोणता फरक होता?

२. कारणे लिहा.
(अ) दोन्ही राखणदारांनी एका रेषेत उभे राहू नये.
(आ) ४० गुण समान असूनही पहिला क्रमांक मुंबईला मिळाला.

३. कबड्डी किंवा खो-खो या खेळात खेळाडू एकमेकांना कशी मदत करतात, ते आठ-दहा ओळींत लिहा.