ठेचलेल्या गाजराचा सण

लायडन, ऑक्टोबर

3 ऑक्टोबरच्या सकाळी नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या जुन्या वजनघरापाशी लोक रांग लावतात. तिथे खारवलेली हेरिंग मासळी आणि पांढरा पाव वाटला जातो. मग दिवसभर मिरवणूक, जत्रा, रस्तोरस्ती गर्दी. त्या दिवसाचे घरातले जेवण मात्र ठरलेले असते: हुत्स्पॉट. गाजर, कांदा आणि बटाटा एकाच पातेल्यात शिजवून ठेचायचे, आणि सोबत तासन्‌तास शिजलेले गोमांस. 3 तारीख रविवारी आली तर सण एक दिवस पुढे जातो, पण जेवण तेच राहते.

यामागे एका वेढ्याची हकीकत आहे. स्पेनच्या राजाविरुद्ध डच प्रांतांनी बंड केले, तेव्हा स्पॅनिश फौजेने लायडनला वेढा घातला. पहिला वेढा 1573 च्या शरदात सुरू झाला. मध्ये थोडी उसंत मिळाली आणि 1574 च्या मे महिन्यात फौज परत आली. उपासमार आणि साथीने शहरात हजारो माणसे मेली. अखेर बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याच्या माणसांनी बांध फोडले. शेते पाण्याखाली गेली, सपाट बुडाच्या होड्या शहराकडे सरकू लागल्या, आणि 3 ऑक्टोबर 1574 च्या पहाटेपूर्वी स्पॅनिश सैनिक आपली ठाणी सोडून निघून गेले. होड्यांतून आलेली हेरिंग आणि पाव भुकेल्या लोकांना वाटले गेले. त्याच पहाटे कोर्नेलिस नावाचा एक अनाथ मुलगा लामेन्स्खान्स या रिकाम्या ठाण्यात शिरला आणि त्याला सैनिकांनी मागे टाकलेले शिजवलेल्या भाज्या-मांसाचे भांडे सापडले, अशी आख्यायिका आहे. ते भांडे म्हणून जपलेले एक पातेले लायडनच्या लाकेनहाल संग्रहालयात आहे. पुढच्याच वर्षी, 1575 मध्ये, या शहरात विद्यापीठ स्थापन झाले.

त्या भांड्यात बटाटा असणे शक्य नव्हते. या देशाच्या रोजच्या ताटात तो अठराव्या शतकात रुळला. त्याआधी त्याची जागा पार्सनिप या गाजराच्या जातीच्या पांढऱ्या, गोडसर कंदाकडे होती. पण एकदा आल्यावर बटाट्याने सगळे ताट व्यापले. विन्सेंट व्हॅन गॉगने 1885 मध्ये न्यूनेन गावात रंगवलेल्या ‘बटाटे खाणारे’ या चित्रात दिव्याखाली बसलेले शेतकरी कुटुंब एकाच थाळीतून बटाटे खाते आहे. ते चित्र आज ॲम्स्टरडॅममध्ये आहे, आणि डच जेवण समजून घ्यायचे असेल तर कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकाआधी ते पाहावे.

डच माणूस दुपारी पाव आणि चीज खातो, तेही थंड. दिवसातले गरम जेवण एकच, संध्याकाळी सहाच्या सुमाराला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे केली जातात आणि मग सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. बाहेर वारा, पाऊस, ओल्या सायकली. अशा वेळी घरात शिरणाऱ्याला एका भांड्यात पोटभर होईल असे काही लागते, आणि डच सैपाकघर ती गरज वर्षानुवर्षे चोख भागवत आले आहे.

या ठेचलेल्या जेवणाचे सर्वसाधारण नाव स्टॅम्पपॉट. हुत्स्पॉट हा त्याचा एक प्रकार. आंबवलेल्या कोबीचा वेगळा, सफरचंद घातलेला वेगळा. सगळ्यांत लाडका बुरेनकोलचा, म्हणजे कुरळ्या पानांच्या केल या भाजीचा. पहिले हिव पडल्यावर ती काढावी, असा जुन्या लोकांचा आग्रह असतो. त्याला कारण आहे: थंडीत टिकाव धरण्यासाठी हे झाड पानांत साखर साठवते आणि कडवटपणा मागे पडतो. बटाट्यांवर चिरलेली पाने रचून पातेले झाकायचे, शिजल्यावर दूध-लोणी घालून लाकडी किंवा लोखंडी ठेचणीने ठेचायचे. वर धुरावलेले सॉसेज. ताटात वाढल्यावर मधोमध चमच्याने खळगा करून त्यात मांसाचा रस ओततात. बाजूला मोहरीची चटणी.

हे जेवण बेचव आहे असे भारतीय पाहुणा पहिल्या घासाला म्हणतो. त्याने हाशे खाऊन पाहावे. गोमांसाचे तुकडे लोण्यात तांबूस परतायचे, जवळजवळ तितक्याच वजनाचा कांदा, तमालपत्र, लवंग आणि व्हिनेगर घालून तीन तास मंद आचेवर ठेवायचे. रस दाट करायला मसालेदार केकची एखादी चकती कुस्करून टाकतात. आपल्याकडे दमाला लावताना पातेल्याखाली तवा सरकवतात, तशी इथे शेगडीवर ठेवायची खास पत्र्याची चकती मिळते. सोबत सफरचंद आणि लवंग घालून शिजवलेला लाल कोबी. ही लवंग मोलुक्का बेटांतून डच ईस्ट इंडिया कंपनीने आणली, आणि त्या व्यापारामागे बळजबरी आणि रक्तपात होता. कोकणच्या किनाऱ्यावर वेंगुर्ल्यात वखार घालणारी कंपनीही तीच.

थंडी वाढली की वाटाण्याच्या सुपाची पाळी येते. हिरव्या वाटाण्याची डाळ, लीक, गाजर, सेलेरीचा कंद आणि डुकराचे मांस हे सगळे विरघळेपर्यंत शिजते. ते आदल्या दिवशी करावे, कारण रात्रभरात ते आळते. चमचा उभा राहिला तर सूप जमले, ही घरोघरची कसोटी. सोबत राईचा काळा, ओलसर पाव आणि त्यावर धुरावलेल्या मांसाची पातळ कापे.

महाराष्ट्रात थंडीत गाजरे स्वस्त झाली की वाचकांनी हुत्स्पॉट जरूर करून पाहावे. चौघांसाठी एक किलो बटाटे, पाऊण किलो गाजरे, चार मोठे कांदे. आपल्या लाल गाजरांना पाणी जास्त सुटते, म्हणून शिजल्यावर पाणी निथळून बाजूला ठेवावे आणि लागेल तेवढेच परत घालावे. मीठ, मिरपूड, किसलेले जायफळ, सढळ हाताने लोणी. मांस नको असेल तर लोण्यात तांबूस होईपर्यंत परतलेला कांदा आणि थोडी तिखट मोहरी पुरते. फक्त मिक्सर वापरू नये. गाजराचे तुकडे दातांखाली आले पाहिजेत.