जो अंक उघडत नाही, त्याला विचारा

कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडतो : 'आपल्या अंकाबद्दल प्रतिक्रिया द्या, दोनच मिनिटं लागतील.' खाली गुगल फॉर्मची लिंक. खरं सांगा, तुम्ही काय करता? बहुतेक जण नुसतं वर सरकवतात. काही जण अंगठा टाकून मोकळे होतात. आणि भरतं कोण? ज्याची कविता छापून आलीय तो, त्याचे दोन मित्र, आणि संपादक मंडळातलीच चार-पाच मुलं. मग 'अंक उत्कृष्ट वाटला' असा भलामोठा हिरवा तुकडा पाय चार्टमध्ये दिसतो आणि पुढच्या वर्षी अंक पुन्हा जसाच्या तसा निघतो.

तुम्ही म्हणाल, निघू दे की, आपल्याला काय त्याचं? पण फीची पावती एकदा नीट बघा. बहुतेक कॉलेजांत 'मॅगझिन फी' अशी एक ओळ असते. म्हणजे अंक तुमच्याच पैशांवर निघतो. शिवाय आपलं नाव छापलेलं पहिल्यांदा बघायची जागा बहुतेकांसाठी हीच असते. गोगटे-जोगळेकरचा 'सहकार' तुमच्यातल्या अनेकांनी हाताळला असेल. लांजा, चिपळूण, दापोलीतल्या मुलांकडे आपापल्या कॉलेजचा असेल. मुंबई विद्यापीठ अशा वार्षिकांची स्पर्धाही घेतं. तिथले परीक्षक मजकूर बघतात, मांडणी बघतात. पण पावसहून येणाऱ्या मुलीने तो अंक उघडला का, हे त्यांना कळणार कुठून? ते फक्त तुम्हीच शोधू शकता.

आता एक जुना किस्सा ऐका. १९३६ साल, अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या तिथल्या नावाजलेल्या साप्ताहिकाने तब्बल एक कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या. त्यातल्या २३-२४ लाख भरून परत आल्या. एवढ्या उत्तरांच्या जोरावर त्यांनी छापून टाकलं की लँडन जिंकणार. निकाल लागला तर रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी! गॅलप नावाच्या माणसाने कितीतरी कमी, सुमारे ५० हजार लोकांना विचारून रूझवेल्टच येणार हे आधीच सांगितलं होतं. मग डायजेस्टचं चुकलं कुठे? त्यांनी नावं घेतली होती बरीचशी टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. ऐन मंदीत फोन आणि मोटार कुणाकडे असणार? त्यात पुन्हा पत्रिका भरून पाठवायचे कष्ट ज्यांनी घेतले, ते बाकीच्यांसारखे नव्हतेच. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं. २३ लाख उत्तरं हातात असून ही गत, तर तुमच्या फॉर्मवरच्या साठ उत्तरांचं काय घेऊन बसलात?

तेव्हा आधी शोधायचं ते उत्तर न देणाऱ्यांना. रत्नागिरीत ते सापडायला फार हिंडावं लागत नाही. दुपारनंतर एसटी स्टँडवर जा. जयगड, पावस, हातखंबा, संगमेश्वरकडची अप-डाऊन करणारी मुलं तिथे पास खिशात घालून उभी असतात. अंकाची मीटिंग ठेवतात कधी? लेक्चर संपल्यावर. आणि यांची गाडी असते कधी? तेव्हाच. ती चुकली तर पुढची कधी येईल ते महामंडळ जाणे. त्यामुळे ही मुलं संपादक मंडळात नसतात, अंकात नसतात आणि प्रतिक्रियेतही नसतात. एक दिवस त्यांच्याच गाडीत चढा. हातखंब्यापर्यंत जरी गेलात तरी फॉर्मपेक्षा जास्त ऐकायला मिळेल.

भाषेचंही तेच. घरी संगमेश्वरी बोलणारा, मिरकरवाड्यात होड्यांच्या गजबजाटात वाढलेला मुलगा अंक उघडतो आणि त्याला तिथे 'सूर्यास्ताच्या सुवर्णछटा' भेटतात. मासेमारी बंद असते त्या दिवसांत घरात काय चालतं, हे तो लिहू शकला असता. त्याला कुणी विचारलंच नाही, आणि आपल्या बोलीत लिहिलेलं चालतं हेही कुणी सांगितलं नाही.

बरं, विचारायचं काय? 'अंक कसा वाटला?' हा प्रश्न आधी काढून टाका. समोरासमोर असं विचारलं की आपल्याकडे 'छान' हेच उत्तर मिळतं. जेवण कसं झालंय विचारल्यावर पाहुणा दुसरं काय म्हणणार? त्याऐवजी विचारा, शेवटचं कुठलं पान आठवतंय? कुठे आल्यावर अंक मिटलात? घरी नेलात का, नेला असेल तर आणखी कुणी चाळला? याहून सोपी युक्ती म्हणजे अंक हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. बोट कुठे जातं बघा. सहसा आधी फोटोंची पानं, मग आपल्या वर्गातल्यांची नावं, मग एखादं शीर्षक. प्राचार्यांचं मनोगत किती जणांनी वाचलं, हा प्रश्न मात्र राहू द्या. उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

हे काम कुणाला जमेल? तुमच्या कॉलेजात डीएलएलई असेल, म्हणजे विद्यापीठाचा आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग, तर त्यातली मुलं घरोघरी जाऊन सर्व्हे करून आलेली असतात. अनोळखी माणसाला बोलतं कसं करायचं हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना सोबत घ्या. आणि भित्तिपत्रकाचा फलक आहेच. त्यावर एकाच विषयाचे दोन लेख दोन तऱ्हांनी लावा, लोक कुठल्यापुढे थांबतात ते मोजा. खर्च ड्रॉइंग पेपरचा.

एक अडचण मात्र खरीच आहे. अंकाचं काम बघणारे सर किंवा मॅडमच तुमचे इंटर्नलचे मार्क देणार असतील, तर 'अंक कंटाळवाणा आहे' असं कोण लिहील? त्यात फॉर्म ईमेल आयडी मागतो. ते सेटिंग बंद करा, किंवा सरळ लायब्ररीत पेटी ठेवा. निनावी लिहिणं म्हणजे भेकडपणा, असं कुणी ऐकवलं तर त्यांना लोकहितवादींची आठवण द्या. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये जी पत्रं येत होती, ती गोपाळ हरि देशमुखांची. वय पंचवीस, सरकारी नोकरी, म्हणून खाली सही 'लोकहितवादी'. आज आपण 'शतपत्रे' म्हणून जे अभ्यासतो, ते एका वर्तमानपत्रात टोपणनावाने आलेलं लेखन आहे. आणि ती पत्रं वाचून त्या काळचे सगळे वाचक खूश झाले असतील असं मुळीच नाही. त्यांनी आपल्याच समाजाला फटकारलं होतं. भाऊ महाजनांनी पाचपैकी किती तारे मिळाले ते बघून निर्णय घेतला असता, तर पुढची पत्रं छापलीच गेली नसती.

म्हणून वाचक मागतील ते सगळं द्यायचं, असंही नाही. सगळे म्हणाले 'फक्त फोटो आणि मीम्स टाका', तरी ज्या कथेला चारच वाचक आहेत तिचं पान राखायचं की नाही, हे शेवटी संपादकानेच ठरवायचं. फक्त काय ऐकलं आणि काय नाही ऐकलं, ते कारणासकट छापा. नॅकच्या मूल्यांकनात फीडबॅकची एक उतरंड असायची : नुसता गोळा केला, गोळा करून विश्लेषण केलं, त्यावर कृतीही केली, आणि सगळ्यात वर, ते सगळं वेबसाइटवर जाहीर केलं. आपल्याकडचे फॉर्म पहिल्या पायरीवरच बसून राहतात. अंकाच्या दुसऱ्या पानावर अर्धं पान त्यासाठी सोडायला काय हरकत आहे?

आणि वेळ सांभाळा. वार्षिक हातात पडतं तेव्हा अनेकदा परीक्षा संपलेल्या असतात, टीवायची मुलं तर निघूनही गेलेली असतात. त्यांचे नंबर ग्रुप बंद व्हायच्या आत घेऊन ठेवा. बाकीच्यांना जुलै-ऑगस्टमध्येच गाठा, मागच्या वर्षीचा अंक हातात घेऊन. कारण 'साहित्य पाठवा' ही नोटीस एकदा बोर्डावर लागली की मग कुणाचंच ऐकायला वेळ नसतो.