धातूच्या रंगीत सैनिकांचें रक्षण

गेल्या जुलै महिन्यांत आपल्याच शाळेंतील एका मुलाचे चोवीस धातूचे सैनिक एका दुपारीं पांढरे पडले. ते रंगविण्यांत त्याची उन्हाळ्याची सगळी सुटी खर्ची पडली होती. आणि ते बिघडले प्रस्तुत लेखकाच्या सल्ल्यानें. त्या चुकीची थोडीफार भरपाई म्हणून हा लेख आहे.

हे सैनिक म्हणजे नुसतीं शोभेचीं खेळणीं नव्हेत. मेजावर डोंगर, नदी, गांव मांडून दोघे गडी आपापल्या सेना ठरलेल्या नियमांनीं हलवितात, असा लुटुपुटीच्या युद्धाचा खेळ इंग्लंडांत फार दिवसांपासून चालत आला आहे. कादंबरीकार एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकांत त्याचे नियम सांगितले. त्यांच्या खेळांत सैनिकांवर खेळण्यांतील तोफेनें लांकडाचे लहान तुकडे खरोखरच मारीत! आजचा सैनिक पुष्कळदां २८ मिलिमीटरच्या सुमाराचा, म्हणजे बोटाच्या एका पेराहून किंचित् मोठा असतो. त्याच्यावर कोणी तोफ डागीत नाहीं. परंतु एका खेळांत तो कितीतरी वेळां चिमटींत धरून उचलला जातो, आणि तेंच त्याच्या रंगाचें मरण होय.

लांकूड रंग थोडा तरी पितें. धातु मुळींच पीत नाहीं. रंग तिच्यावर केवळ चिकटून राहतो. सांच्यांतून निघतांना लागलेली पूड व तेलकटपणा तसाच राहिला, तर तेवढेंहि चिकटणें होत नाहीं. म्हणून रंगविण्यापूर्वीं मूर्ति साबणाच्या कोमट पाण्यांत जुन्या दांतांच्या ब्रशानें घासावी, पूर्ण वाळवावी व मग अस्तर द्यावें. पुढें हाताचा घाम, म्हणजे मीठ आणि तेल, आपलें काम करूं लागतो. शिवाय धातूचा सैनिक आकारानें लहान असला तरी वजनानें जड; मेजावरून पडला कीं तलवारीचें टोंक, नाक, गुडघा येथील रंग प्रथम उडतो. व्हार्निश लावावयाचें तें यासाठीं. झिजावयाचें काम त्यानें करावें. त्याचा थर पुन्हां देतां येतो, पण भुवईची एकदां गेलेली रेघ तशीच पुन्हां निघत नाहीं.

व्हार्निश दोन जातींचें मिळतें. एक चकचकीत, ज्यास दुकानांत ‘ग्लॉस’ म्हणतात; दुसरें निस्तेज, म्हणजे ‘मॅट’. मॅट व्हार्निशांत बहुधा सिलिकेची अतिसूक्ष्म पूड मिसळलेली असते. तिच्यामुळें पृष्ठभाग खडबडीत होतो, प्रकाश चोहोंकडे विखुरतो व चमक मरते. परंतु त्याच पुडीमुळें थर कांहींसा दुबळाहि होतो. यास्तव जाणते लोक प्रथम ग्लॉसचा थर देतात तो बळासाठीं, आणि तो नीट वाळल्यावर वरून मॅटचा पातळ थर देतात तो दृष्टीसाठीं. नुसत्या ग्लॉसवर थांबलेला सैनिक जणूं तूप चोपडून उभा केल्यासारखा दिसतो, असें माझें मत आहे. कित्येकांस तसाच आवडतो.

आतां त्या दुपारची गोष्ट. पाऊस थांबून ऊन पडलें होतें. “उरकून घे,” असें मीं म्हटलें, आणि त्या मुलानें मॅट व्हार्निशाचा फवारा मारला. अर्ध्या तासांत प्रत्येक अंगरख्याच्या चुण्यांत पांढरी बुरशी धरल्यासारखें दिसूं लागलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं; तें अधिकच लागलें.

कारण असें. माठांतील पाणी झिरपून उडून जातांना माठ गार करतें, हें तुम्हीं शिकलांच आहां. फवाऱ्यांतील द्रावक त्याहून फार लवकर उडतो व मूर्तीचा पृष्ठभाग एकदम थंड करतो. भोंवतालची हवा दमट असली कीं बर्फाच्या पेल्याबाहेर जमतें तसें दव ओल्या व्हार्निशांत जमतें, आणि मागें सूक्ष्म छिद्रें राहतात. पांढरा दिसतो तो रंग नव्हे. छिद्रांवर विखुरलेला प्रकाश होय. कोंकणपट्टींत पावसाळ्यांत आर्द्रता शेंकडा ८० च्या वर सहज असते. पाऊस थांबला म्हणून हवा कोरडी होत नाहीं, एवढें मला सुचावयास हवें होतें. डबा पुरता न हालविल्यानें तळाची पूड एकदम बाहेर आली तरी असेंच दिसतें. आमच्या हातून तीहि घाई झाली असावी.

दुधी कांचेवर पाणी फिरवा. ती पारदर्शक होते, कारण खळगे भरून निघतात. याच न्यायानें आम्हीं पाण्यांत विरघळणारें ॲक्रिलिक ग्लॉस व्हार्निश मऊ ब्रशानें हलक्या हातानें फिरविलें. वीस सैनिकांचा रंग हळूहळू वर आला, त्यावेळचा आनंद सांगतां येत नाहीं. तिघांवर दुसरा हात द्यावा लागला. मॅटचा थर मात्र दिवाळीनंतर, कोरड्या सकाळीं दिला: डबा दोन मिनिटें हालवून, २० ते ३० सेंटिमीटर दुरून, उघड्यावर, तोंडास फडकें न बांधतां योग्य मुखवटा लावून. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करावा व बाहेरच थांबवावा. पावसाळ्यांतच निकड असेल तर ब्रश बरा.

एक वेगळा रोग जुन्या सैनिकांचा. १९९० च्या दशकापासून बहुतेक कारखान्यांनीं शिसें सोडून कथिलप्रधान मिश्रधातु धरली. तत्पूर्वींच्या मूर्तींत शिसें पुष्कळ असे. ओक, प्लायवुड, पुठ्ठा यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते व बंद पेटींत ती शिशाची पांढरी भुकटी करते. शिरक्याच्या भांड्यांवर शिसें ठेवून रंगाऱ्यांचा सफेता पूर्वीं मुद्दाम याच रीतीनें करीत. व्हार्निश ही वाफ पुरती अडवीत नाहीं. उघड्या राहिलेल्या तळापासून आरंभ होतो, म्हणून तळासहि थर द्यावा. ही भुकटी विषारी आहे. ती फुंकूं नये, हात धुवावे, आणि पालकांनीं असे सैनिक लहान मुलांपासून दूर ठेवावे.

त्या मुलाच्या चोवीसांत चार घोडेस्वार जुन्या बाजारांतले, शिशाचे आहेत. ते आतां पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पत्र्याच्या पेटींत गेले. चोविसावा सैनिक काखेंत अजून धुरकट आहे. तेथें ब्रश पोंचत नाहीं. तो घाटांत पहाऱ्यावर होता, धुकें लागलें, असें मुलगा सांगतो.